आल्माबाईंचा घास

लायनेलला माती दिली त्याच्या पुढच्याच आठवड्यात डेल्फीन कामावर परतली. घरात बसून तरी काय करायचं होतं? रिझर्व्हवरची, म्हणजे मूळनिवासींच्या राखीव वस्तीतली, सगळी माणसं येऊन गेली होती. चार दिवस अंगणात शेकोटी पेटती ठेवून पुरुष बसले होते, बायकांनी हरणाच्या मटणाचा रस्सा आणि तव्यावरच्या भाकऱ्या करून करून स्वयंपाकघराच्या खिडक्या वाफेने आंधळ्या केल्या होत्या. मग एकेक करून सगळी उठली, रडली, भांडी घासून पालथी घातली आणि आपापल्या घरी गेली. उरली ती एकटी, आणि दाराजवळ लायनेलचे उन्हाळी बूट. त्या बुटांकडे पाहत बसण्यापेक्षा काम बरं, असं म्हणून तिने गाडी काढली.

थॉर्नबीच्या वृद्धाश्रमात तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं. म्हाताऱ्यांना उठवायचं, आंघोळी घालायच्या, भरवायचं, रात्रीचे कपडे चढवायचे. पूर्वेकडच्या खोल्या तिच्याकडे होत्या. शेवटच्या खोलीत आल्मा एंगस्ट्रॉम. अठ्ठ्याऐंशीची म्हातारी, अंगाने पाखरासारखी, पण हट्ट बैलाचा. डोक्यातलं बरंचसं पुसलं गेलं होतं. नवरा मेलेला आठवत नसे, मुलीला कधी ओळखे, कधी नाही. डेल्फीनला मात्र ती पायरवावरून ओळखायची. गेली सहा वर्षं तिच्या हातूनच जेवायची. लापशीत मध थोडा जास्त लागतो, चमचा डाव्या गालाकडून आत न्यावा लागतो, मध्ये एकदा तिच्या लहानपणच्या घोड्याचं नाव विचारावं लागतं, हे डेल्फीनला अंगवळणी पडलं होतं.

वॉरन एंगस्ट्रॉम या आल्माचा मुलगा. आणि लायनेलला गोळी घातली ती वॉरनने.

त्या दिवशी डेल्फीन कपडे बदलून बाहेर येते तोच आश्रमाच्या मोठ्या बाईंनी तिला आपल्या खोलीत बोलावलं. बाईंनी दार लावून घेतलं, टेबलावरचा कागदी रुमालांचा डबा तिच्याकडे सरकवला.

"डेल्फीन, आम्हाला सगळ्यांना फार वाईट वाटलं गं. मी तुला पश्चिमेकडच्या खोल्या दिल्यात. तुलाच बरं पडेल."

"आल्माबाईंना कोण भरवणार?"

"बघू आम्ही. मारिसेल आहे की."

"मी काही म्हटलं का बाई? मी तक्रार केली?"

"तू नाही गं. पण घरच्या लोकांना..." बाई अडखळल्या. "त्यांनाही अवघड आहे ना."

डेल्फीनने रुमाल घेतला नाही. पश्चिमेकडे गेली आणि गादीवरच्या चादरी बदलायला लागली.

*

लायनेल तिच्या धाकट्या बहिणीचा मुलगा. बहीण कर्करोगाने गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता. त्यांच्या क्री भाषेत आईच्या बहिणीला धाकटी आईच म्हणतात, त्यामुळे त्याला तिने वाढवलं यात कुणाला नवल वाटलं नाही. तेवीस वर्षांचा झाला होता. रिझर्व्हवर घरोघर पाण्याचा टँकर घेऊन जायचा. उंचीने दांडगा, पण कुत्र्याला भिणारा. टँकरमधून उतरण्याआधी खिडकीतून ओरडायचा, "आजी, आधी तुझा वाघ बांध!" म्हाताऱ्या हसत कुत्रं बांधायच्या.

जानेवारीतल्या एका संध्याकाळी तो आणि त्याची मैत्रीण शेला तिच्या आईकडून परत येत होते. उणे एकतीस थंडी, वारा सुटलेला, खडीच्या रस्त्यावर बर्फ घट्ट बसलेलं. एंगस्ट्रॉमांच्या फाटकाजवळ गाडी घसरली आणि नाकावर चरात गेली. शेलाचा फोन गारठून बंद पडला होता. लायनेल म्हणाला, "तू आतच बस, मी त्या घरातून मदत आणतो." त्याने दार वाजवलं. कुणी उघडलं नाही. शेडमध्ये दिवा दिसला, म्हणून तो तिकडे गेला. भिंतीला गाडी ओढायची साखळी लटकलेली होती. ती त्याने काढली.

वॉरन सोफ्यावर झोपला होता. कुत्रं भुंकलं तसा उठला, रायफल घेऊन मागच्या दाराने बाहेर आला. शेडच्या दारात त्याला एक दांडगा क्री मुलगा दिसला, हातात साखळी. वॉरनचं म्हणणं, त्याने साखळी उगारली. शेलाचं म्हणणं, लायनेलचं ओरडणं तिला चरात बसल्या बसल्या ऐकू आलं होतं: "गाडी अडकलीय! नुसती गाडी अडकलीय!" आणि मग दोन आवाज.

पोलीस आले तेव्हा शेलाला त्यांनी आधी बेड्या घातल्या. तीही चोर असेल म्हणून.

*

थॉर्नबीत डेल्फीनला सगळे ओळखत होते. निम्म्या गावाचे आईबाप तिने शेवटच्या दिवसांत धुतले-पुसले होते. पण आता किराणा दुकानात ती शिरली की बोलणी मंदावायची. पेट्रोलपंपावरच्या बाईने, जिच्या सासूला डेल्फीनने दोन वर्षं भरवलं होतं, पैसे परत देता देता विचारलं, "त्याच्यावर आधी काही केस वगैरे होती का गं?"

"कशाची?"

"नाही, म्हणजे लोक म्हणतात..."

"पाणी वाटायचा तो," डेल्फीन म्हणाली. "पाण्याची केस असते का?"

बाई कानकोंडी झाली, पण डेल्फीन बाहेर पडल्यावर काचेतून तिला दिसलं, ती पुढच्या गिऱ्हाइकाशी मान हलवून काहीतरी बोलत होती.

वर्तमानपत्रवाल्याने फोन करून लायनेलचा फोटो मागितला होता. तिने टँकरच्या पायरीवर बसून हसणारा लायनेल पाठवला. छापला तो दुसराच, कुणाच्या तरी लग्नातला: डोळे अर्धे मिटलेले, हातात बिअरची बाटली. त्याच्या शेजारी वॉरन, कापणीच्या यंत्रावर नातीला मांडीवर घेऊन बसलेला. बातमी वाचायची गरजच नव्हती. फोनवर लोक मोकळेपणाने लिहीत होते. आपल्या घराचं रक्षण करायचं नाही तर काय आरती करायची चोरांची? पोलीस यायला तास लागतो, शेतकऱ्याने तोवर काय करावं? बिचारा वॉरन, म्हाताऱ्या आईला हे बघायची वेळ आली. आणि एकाने लिहिलं होतं, चला, एक कमी झाला. खाली हसरे चेहरे. त्यातला एक चेहरा टाकणारा माणूस डेल्फीनच्या ओळखीचा होता. त्याच्या वडिलांच्या पाठीवरच्या जखमा तिने महिनाभर धुतल्या होत्या. तिने फोन पालथा ठेवला, तो पुढे कितीतरी दिवस कामाखेरीज उचललाच नाही.

फेब्रुवारीत कर्लिंगच्या, बर्फावरच्या खेळाच्या, हॉलमध्ये वॉरनच्या वकिलाची फी जमवायला तिकीट लावून जेवण ठेवलं. टर्की, कुस्करलेले बटाटे, भोपळ्याचं गोड पक्वान्न. आश्रमाच्या चहाच्या खोलीत फ्रिजवर त्याची जाहिरात लागली. डेल्फीनने ती काढली नाही. दुधाची पिशवी काढताना दार उघडायची, मिटायची, वॉरनचं नाव हलायचं.

मारिसेल तिची त्या आश्रमातली खरी मैत्रीण. फिलिपीन्सहून आलेली, दोन मुलं मागे आईजवळ ठेवून. एके दुपारी तिच्या पर्समधून रुमालाबरोबर त्या जेवणाचं तिकीट बाहेर पडलं. दोघींनी एकदमच ते पाहिलं.

"डेल, मी... मोठ्या बाई स्वतः घेऊन फिरत होत्या. सगळ्यांनी घेतलं. माझे इथले कागद अजून व्हायचेत, मी नाही कशी म्हणू?"

"मी कुठे काय म्हणतेय?"

"तू काहीतरी बोल ना. शिव्या दे."

"जा गं, जेवून ये," डेल्फीन म्हणाली. "टर्की चांगली करतात ते लोक. मी पण खाल्लीय तिथे, पूरग्रस्तांच्या वेळी. तेव्हा बटाटे मीच सोलले होते."

मारिसेल रडायला लागली. शेवटी डेल्फीननेच तिच्या पाठीवरून हात फिरवला. मारिसेल जेवायला गेली नाही. पण तिकीट तिने फाडलंही नाही.

*

आल्माबाईंनी जेवण सोडलं होतं. मारिसेलने चमचा पुढे केला की तोंड मिटायची. दुसरीने जबरदस्ती केली तेव्हा वाटी उडवून दिली. "डेल कुठाय? डेलला बोलवा," एवढंच. मार्चमध्ये तिचं वजन इतकं उतरलं की डॉक्टरांनी मुलीला निरोप धाडला.

मुलगी जूडिथ. डेल्फीन आणि ती थॉर्नबीच्या शाळेत एका वर्गात होत्या. सात वर्षं एका वर्गात, पण एका बाकावर कधी नाही. ती डेल्फीनला गाडीजवळ गाठून म्हणाली, "एक मिनिट थांबतेस?" वाऱ्याने तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, निदान वाऱ्याने असेल असं डेल्फीनला वाटलं.

"आई काही खात नाही. तुझंच नाव घेते. मला ठाऊक आहे, त्या घटनेनंतर तुला सांगायला मला तोंड नाही, पण..."

"कुठल्या घटनेनंतर?"

जूडिथने खाली पाहिलं. "डेल्फीन, प्लीज."

"नाही, सांग ना. माझ्या घरी एक माणूस मेलाय. तुमच्याकडे घटना घडलीय. म्हणून विचारलं."

"तो माझा भाऊ आहे," जूडिथ म्हणाली. "मी काय करू सांग. दुसरा भाऊ कुठून आणू?"

तिने गाडीचं दार उघडलं, आत बसली, काच खाली केली. "मोठ्या बाईंना सांग, माझी खोली बदलायला. मी मागितलं असं म्हणायचं नाही. तुम्ही मागितलं म्हणायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती लापशीची वाटी घेऊन शेवटच्या खोलीत गेली. आल्माबाई भिंतीकडे तोंड करून पडली होती. पायरव ऐकून वळली.

"कुठे उलथली होतीस, पोरी?"

"घरी काम होतं, आल्माबाई."

"संपलं का?"

"नाही. उघडा तोंड."

म्हातारीने तोंड उघडलं. हे चूक की बरोबर, डेल्फीनला कळत नव्हतं. रिझर्व्हवर तिच्या चुलतभावाने तिच्याशी बोलणं टाकलं. "त्याच्या आईला भरवतेस? लायनेल मातीत, आणि तू त्यांच्या म्हातारीच्या तोंडात मध घालतेस?" ती म्हणाली, "तिने काय केलंय रे?" तो म्हणाला, "आणि लायनेलने काय केलं होतं?"

एकदा असंच भरवता भरवता आल्माबाई खुदकन हसली.

"काय झालं?"

"बँकेच्या मॅनेजरचं कार्टं आठवलं. दारू पिऊन गाडी आमच्या कुंपणात घातली, आणि शेडमध्ये जाऊन झोपलं. ट्रॅक्टरवरची ताडपत्री पांघरून! सकाळी वॉरन गेला तर हे घोरतंय. वॉरनची रायफल शेडमध्येच, त्याच्या उशाशी."

डेल्फीनचा चमचा हवेत राहिला. "मग?"

"मग काय? वॉरन म्हणाला, आई, अंडी किती आहेत? सहा अंडी खाल्ली गधड्याने. नि वॉरनने त्याला घरी नेऊन सोडलं, बापाला कळू न देता. माझा वॉरन असा आहे. पोटात माया फार." म्हातारीने तोंड उघडलं, वाट पाहिली. "दे ना. थांबलीस का?"

डेल्फीनने घास दिला. मग दुसरा. वाटी संपवली, तोंड पुसलं, उशी सारखी केली. वाटी धुवायला म्हणून पलीकडच्या मोरीत गेली आणि तिथे फरशीवर बसली. मारिसेलने शोधत येऊन पाहिलं तेव्हा तिची बोटं वाटीच्या काठाला इतकी घट्ट आवळलेली होती की सोडवावी लागली.

*

वॉरन जामिनावर सुटला होता. डेल्फीनच्या वाटेला जायचं नाही, अशी कोर्टाची अट होती, म्हणून तो आईला भेटायला रविवारी येई, तिच्या सुट्टीच्या दिवशी. मे महिन्यात एका रविवारी मारिसेल तापाने पडली आणि तिच्या जागी डेल्फीन आली. कुणाला सांगायचं राहून गेलं. दुपारी ती आल्माबाईंना खुर्चीत बसवत होती, आणि दारात वॉरन उभा. हातात टोपी. चार महिन्यांत दहा वर्षांनी म्हातारा झालेला.

"मी जातो," तो म्हणाला.

"वॉरन आलास? ये ये," आल्माबाई म्हणाली. "ही बघ, डेल. हिला तू ओळखतोस."

ओळखत होता. सहा नाताळांत त्याने स्वतःच्या हाताने तिला चॉकलेटचा डबा दिला होता. आईचं फार करतेस हो, असं दर वेळी म्हणाला होता.

तो गेला नाही. दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला. मग खाली बघत म्हणाला, "डेल्फीन, मला माहीत नव्हतं. देवाशप्पथ. तो तुझा आहे हे मला माहीत नव्हतं."

"माहीत असतं तर?"

त्याने वर पाहिलं.

"सांग ना. माझा आहे हे माहीत असतं तर काय केलं असतंस? अंडी केली असतीस त्याला?"

वॉरनला आधी कळलं नाही. मग कळलं. त्याचा चेहरा पांढरा पडत गेला तो ती पाहत राहिली. आल्माबाई मात्र खूश झाली. "सहा!" ती म्हणाली. "सहा अंडी खाल्ली त्याने!"

वॉरन वळला आणि निघून गेला.

*

खटला पुढच्या वर्षी उभा राहिला. डेल्फीनने ती अंड्यांची गोष्ट सरकारी वकिलाला सांगितली होती. त्याने ऐकून घेतली, ही बाई भली आहे असं त्याला वाटल्याचं त्याच्या डोळ्यांत दिसलं, पण मान हलवली. म्हणाला, विसरभोळ्या म्हातारीची साक्ष टिकणार नाही, आणि बाई, ते प्रकरणच वेगळं होतं. "तेच तर म्हणतेय मी," डेल्फीन म्हणाली. तो कागद आवरायला लागला.

ज्युरीसाठी बोलावलेल्यांत क्री माणसंही आली होती. आंघोळी करून, ठेवणीतले कोट घालून, लांबून गाड्या चालवत आली होती. वॉरनचा वकील एकेकाच्या तोंडाकडे बघे आणि हात वर करी, नको. कारण सांगायचं बंधन नव्हतं. राहिले ते सगळे गोरे. शेलाला त्याने तासभर उभं केलं. वारा किती होता, काचा बंद होत्या की नाही, आदल्या आठवड्यात ती किती प्यायली होती, सगळं विचारलं. तिला लायनेलचे शब्द ऐकू येणं शक्यच नव्हतं, असं तिच्याचकडून वदवून घेऊ पाहत होता. "मला ऐकू आलं," ती म्हणत राहिली. शेवटी शेवटी तिचा आवाजच फुटेना.

निकाल आला. वॉरन निर्दोष. त्याच्या बाजूच्या बाकांवर कुणीतरी मोठ्याने श्वास सोडला, मग सगळ्यांनीच. वॉरनला मागच्या दाराने नेलं. कोर्टाबाहेर रस्त्यावरून दोनतीन ट्रक हॉर्न वाजवत गेले. डेल्फीन शेलाचा हात धरून पायऱ्या उतरत होती. शेला म्हणाली, "मावशी, कुणाचं लग्न आहे का गं?" तिला खरंच कळलं नव्हतं. डेल्फीन म्हणाली, "असेल."

त्यानंतर ती आश्रमात गेली नाही. राजीनाम्याचं मारिसेललाच सांगितलं, ती काय ते बघेल म्हणून.

मार्चमध्ये एका दुपारी मारिसेलचा फोन आला. "आल्माबाईंचं काही खरं नाही. आज-उद्याचा प्रश्न आहे. तुला हाक मारतेय. येतेस?"

डेल्फीनने कोट चढवला, निघाली. थॉर्नबीचा रस्ता एंगस्ट्रॉमांच्या शेतावरून जातो, दुसरा रस्ता नाही. त्या वाटेला ती निकालानंतर पहिल्यांदाच आली होती. प्रत्येक फाटकावर नवी पाटी होती. परवानगीशिवाय आत याल तर जबाबदारी तुमची. एंगस्ट्रॉमांच्याच नाही, त्याच्या आधीच्या, त्याच्या पुढच्या, मैलोन्‌मैल सगळ्यांच्या. गावातल्या दुकानात पाट्या संपल्या म्हणे. तिने गाडी बाजूला घेतली. आल्माबाईंचा चेहरा आठवून पाहिला. तो आला, उघडं तोंड, वाट पाहणारे डोळे. त्या चेहऱ्यावर तिचा राग नव्हता. पण पुढे जायला पाय पेडल दाबेना. लायनेलबरोबर हेही गेलं, एवढं तिला उमगलं. एका म्हातारीला शेवटचं पाणी पाजायला जाण्याइतकं साधं काम होतं, तेही त्या संध्याकाळी शेडमध्ये गेलं. तिने गाडी वळवली.

आल्माबाई संध्याकाळी गेली.

आता डेल्फीन रिझर्व्हच्या दवाखान्यात काम करते. चुलतभाऊ बोलायला लागलाय. शेला शुक्रवारी जेवायला येते, कधी राहते. वॉरन शेतावरच असतो, एकटा. बायको मुलाकडे शहरात राहायला गेली असं ऐकू येतं.

परवा खडीच्या रस्त्याने डेल्फीन शेलाला आणायला निघाली होती. समोरून धूळ उडवत एक ट्रक आला. या रस्त्यांवर समोरून कुणी आलं की स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायचं, ओळख असो वा नसो, लहानपणापासूनची सवय. समोरच्याने बोट उचललं. हिचंही उचललं गेलं. ट्रक अगदी जवळ आला तेव्हा दोघांनी एकमेकांना पाहिलं. वॉरनने बोट खाली घेतलं. डेल्फीनचं वरच राहिलं होतं. मग धूळ आली, आणि ती बसेपर्यंत काही दिसेना, म्हणून ती गाडी हळू चालवत राहिली.